प्रदर्शनातला पलंग

‘अधिवेशनाने मला काय दिले’ या विषयावर प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, असं नवनीतभाईंनी फर्मान काढलं आणि मुनव्वरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नंदुरबारच्या सेवादीप क्लबची ही आढावा बैठक. मागच्या शनिवारी-रविवारी क्लबचं विभागीय अधिवेशन गावातच झालं होतं, आणि उत्तम सेवाकार्याची ढाल यजमानांनीच पटकावली होती. ढाल टेबलावर, ढालीला हार, हाराशेजारी अध्यक्ष नवनीतभाई. एकेक जण उठत होता. कुणाला प्रेरणा मिळाली होती, कुणाला ऊर्जा. एकाला तर म्हणे रडूच आलं. मुनव्वरला ओकारी यायची तेवढी बाकी होती.

मुनव्वरचं वेल्डिंगचं दुकान. क्लबचं साहित्य केंद्र तो सांभाळायचा. पलंग, वॉकर, चाकाच्या खुर्च्या पेशंटला फुकट वापरायला द्यायच्या आणि गरज सरली की परत आणायच्या, असं ते काम. काम चांगलंच होतं हो, त्यात खोट नाही. पण अधिवेशनात प्रत्येक क्लबने स्टॉल लावायचा होता, आणि केंद्राची खोली उघडून बघतात तर रिकामी! सगळं सामान पेशंटकडे. खोली रिकामी म्हणजे काम जोरात चाललंय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. अध्यक्षांना नाही कळलं.

“स्टॉलवर काय भिंत दखाडू?” नवनीतभाई म्हणाले. “दोन दिननी बात शे. जा, सामान लई ये.”

आणि हा गेला! टेम्पो घेऊन नवापूरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागलेल्या पाड्यावर गेला. तिथे योसेफची आई सोमीबाई कमरेखाली लुळी होऊन आठ महिने पडून होती. तिच्या अंगाखाली क्लबचा पलंग होता, वर मोटारवर फुगणारी हवेची गादी. त्या गादीमुळे तिची पाठ शाबूत होती. मुनव्वरने आणि योसेफने मिळून तिला उचललं आणि खाली गोधडीवर ठेवलं. “सोमवारी आणतो, मावशी,” तो म्हणाला. ती हसून “आण बाबा” म्हणाली. तिचं ते हसणं आठवलं की आता त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटायचं. कारण गादीसकट पलंग नुसता आणून तो थांबला नव्हता. त्याने रात्रंदिवस खपून पलंगाला चंदेरी रंग मारला होता, स्टॉलवर मांडला होता, आणि स्टेजवर त्याचं नाव पुकारलं तेव्हा मान ताठ करून शाल घेतली होती. छान वाटलं होतं त्याला. खोटं कशाला बोला?

सोमवारी सामान हलवायला गेला तर नवनीतभाईंनी पलंग आपल्या गोदामात ठेवून कुलूप लावलेलं. येत्या रविवारी विभागाच्या मासिकाचा फोटोग्राफर यायचा होता म्हणे. मंगळवारी योसेफचा फोन आला, आईच्या पाठीला जखम झाली. बुधवारी फोन, दुसरी झाली. मुनव्वरने दोन्ही वेळा नवनीतभाईंना सांगितलं. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, रविवारपर्यंत दम धर.

“मुनव्वरभाऊ, बोला ना!” नवनीतभाई आता हसत म्हणत होते. “तुम्हले काय दिधं अधिवेशननी?”

मुनव्वर उठला.

“एका म्हातारीच्या पाठीला दोन जखमा दिल्या,” तो म्हणाला. “तुम्ही दिल्या आणि मी दिल्या. गोदामाची चावी द्या.”

“अरे, इथं तमाशा कसाले करी ऱ्हायना? रविवारनंतर—”

“चावी द्या नाहीतर कुलूप कापतो. कापायचं मशीन दुकानातच आहे माझ्या.”

सगळे ढालीकडे बघत बसले. मघाशी रडू आल्याचं सांगणारा तर चहाच्या कपात तोंड घालून बसला. नवनीतभाईंनी चावी टेबलावर आपटली. “मोठा समाजसेवक लागी गया!” म्हणाले. मुनव्वरने चावी उचलली आणि पायऱ्या उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो पाड्यावर पोचला. योसेफ दारातच उभा होता. तो ना ‘या’ म्हणाला, ना हात लावायला पुढे आला. मुनव्वरने एकट्यानेच पलंग ओढत आत नेला, पाय जोडले, गादी अंथरली, मोटार लावली. घरात जखमेचा वास भरला होता. सोमीबाई कुशीवर पडून भिंतीकडे बघत होती. तिला उचलायला मात्र योसेफ आला. गादीवर ठेवताना ती कळवळली.

“चुकलं, मावशी,” तो म्हणाला. “माझंच चुकलं.”

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. गादी हळूहळू फुगत होती. योसेफने आईच्या अंगावर चादर ओढली आणि पहिल्यांदा मुनव्वरकडे वळून बघितलं.

“भाई, तुमचं पुढचं अधिवेशन कधी?” त्याने विचारलं. “तारीख सांगून ठेवा. तोवर जखमा भरल्या पाहिजेत.”