काकांच्या लांबलचक नोंदी

काका म्हणजे आमच्या टीममधले सगळ्यांत ज्येष्ठ, आणि त्यांच्या नोंदी म्हणजे आमचा हक्काचा टिंगलीचा विषय. कोडमध्ये बदल केला की तो का केला, याची सोबत नोंद लिहावी लागते. बाकीचे 'चूक दुरुस्त' एवढं खरडून मोकळे व्हायचे आणि काका निबंध लिहायचे. 'ही अट घातली, कारण पत्ता रिकामा राहिला की पावती दोनदा निघते. मागे एकदा काढून पाहिली, पस्तावलो.' कुठल्याही ओळीवर क्लिक केलं की तिची नोंद शेजारी उघडायची. मीही हसायचे.

मग एकदा चहाच्या मशीनपाशी त्यांनी मला सांगितलं. विसरायला होतंय, डॉक्टरांनी आजाराचं नावही सांगितलंय.

"कालचं स्वतःचं काम आज परकं वाटतं गं. नोंद वाचली की ओळख पटते. निवृत्तीपर्यंत ढकलायचंय, बस. कुणाकडे बोलू नकोस, तुझ्या काकूलाही सगळं सांगितलेलं नाही."

मी शब्द दिला आणि स्वतःच्याच तोंडाला कुलूप लावून घेतलं.

नवी टीमप्रमुख आली. आम्ही तिला हेडबाई म्हणायचो. बाई मनाने वाईट नव्हती. असती तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. तिने नियम आणला: नोंद एका ओळीचीच, लांब नोंद सिस्टिम घेणारच नाही. आणि नव्या सर्व्हरवर जाताना जुन्या नोंदीही एका ओळीत छाटायच्या.

"जुन्या तरी राहू द्या," मी मीटिंगमध्ये म्हटलं.

"का? कारण पटलं तर ठेवू."

कारण माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलं होतं. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, कुणाला दिसणार नाही इतकीच.

"असंच," मी म्हटलं. सगळे हसले. नियमाच्या बाजूने हात वर करा म्हटल्यावर पहिला हात काकांचा. मला त्यांचा असा संताप आला, की रडू फुटायचंच काय ते बाकी होतं.

छाटणीआधी मी त्यांच्या सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये उतरवून ती त्यांच्या स्क्रीनवर मधोमध ठेवली. त्यात शोधायचं कसं तेही दाखवलं. "गुणाची पोर," ते म्हणाले. मला जरा हायसं वाटलं.

नव्या सर्व्हरवर काम सुरू झालं त्या सकाळी काका व्याजाच्या हिशेबातल्या एका ओळीसमोर बसून होते. शेजारी नोंद होती, 'व्याज बदल'.

"ही मी का लिहिली असेल गं?"

"फाइलमध्ये बघा ना, काका."

"कुठली फाइल?"

मी उठून दाखवली. 'ही ओळ काढली तर व्याज दोनदा लागतं,' असं त्यात होतं. दुपारी पुन्हा दाखवली. संध्याकाळी त्यांनी विचारलं नाही. ओळ काढून टाकली होती आणि नोंद लिहिली होती, 'अनावश्यक ओळ काढली'.

हेडबाई त्यांच्या खुर्चीमागे थांबली. "बघा, नोंद अशी हवी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. काकांचा चेहरा इतका खुलला, की मला तोंड उघडवेना.