कानफाट्याला वाढू दिलं

रानात लावलेल्या पाच कॅमेऱ्यांत मिळून एक हजार चारशे बारा फोटो निघाले. त्यातले सहाशेच्या वर वाऱ्याने हललेल्या फांद्यांचे, दोनशेएक रॅकूनचे आणि एक शेजारच्या लव्हर्न प्रोचास्काच्या कुत्र्याच्या ढुंगणाचा. उरलेल्यांत हरणं होती. एकच जनावर पुन्हा पुन्हा येतं, म्हणून मारितने शिंगांची टोकं आणि अंगावरचे व्रण जुळवून एकेक वेगळं केलं. माद्या एकवीस. पाडसं सतरा. नर नऊ: पाच दीड वर्षांचे, दोन अडीचचे, एक साडेतीनचा, आणि कानफाट्या.

कानफाट्याचा डावा कान पार मुळापर्यंत फाटलेला होता, बहुधा कुंपणाच्या तारेने. त्यामुळे त्याचं वय अंदाजाने सांगावं लागत नव्हतं. दीड वर्षाचा, दोन टोकांची काटकुळी शिंगं मिरवणारा असल्यापासून तो दर शरदात ओढ्याच्या उताराशी कॅमेऱ्यात येत होता. यंदा त्याला साडेचार पुरी झाली होती. शिंगांना दहा टोकं.

त्याला तीनदा जीवदान मिळालं होतं, ते मारितमुळे. ती गावातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तीन वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरात, जेवणं आटोपल्यावर, तिने दरीतल्या पाच शेतांच्या माणसांपुढे आलेख मांडला होता. शिकारीच्या पहिल्याच मोसमात बहुतेक नर गोळी खातात, कळपात उरतात त्या माद्या आणि पोरसवदा नर. चार वर्षांखालचा नर मारायचा नाही असं सगळ्यांनी ठरवलं तर बघा, थोराड नरही दिसायला लागतील. सगळ्यांत आधी हात वर केला तो तिच्या वडिलांनी. नॉर्वल क्वाम्मेंनी तोवर साठ वर्षं, समोर येईल तो पहिला नर पाडला होता. मागच्या बाकावरून लव्हर्न तेवढा म्हणाला, "शिंगांचा रस्सा होत नाही, मास्तरीणबाई." सगळे हसले आणि त्याला वगळून करार झाला.

तेव्हा झिजरोग दोन जिल्हे पलीकडे होता. या रोगात हरणाचा मेंदू पोखरला जातो, ते वाळत जातं आणि मरतं. औषध नाही, लस नाही. दुसऱ्या वर्षी तो जिल्ह्यात शिरला, आणि तपासणीचे आकडे मारित वाचत गेली. दीड वर्षाच्या नरांत दहात एक. चारच्या वरच्यांत तिनात एक. थोराड नर लांब फिरतात, झुंजतात, एकमेकांनी चाटलेल्या फांद्या चाटतात, आणि मुख्य म्हणजे त्यांना लागण व्हायला जास्त वर्षं मिळालेली असतात. ती वर्षं तिने दिली होती. या सप्टेंबरमध्ये ती पुन्हा त्याच तळघरात उभी राहिली आणि करार मोडू या म्हणाली. पण लोकांना आता मोठ्या शिंगांची चटक लागली होती. "तूच शिकवलंस ना," एक जण प्रेमाने म्हणाला, "आता आमचा हात आखडतो बघ." मग सगळे केक खायला उठले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चौथ्या कॅमेऱ्याने कानफाट्या भरदुपारी टिपला. पाय फाकवून ओढ्यात उभा, मान खाली, चांगला कान लोंबलेला. माजावर आलेल्या नराची मान या दिवसांत फुगून छातीएवढी होते. मारितने गेल्या वर्षीचा त्याच जागचा फोटो काढला आणि दोन्हींत मानेची जाडी डोक्याच्या लांबीशी ताडून पाहिली. वर्षाने मोठा झालेला नर मानेत एकपंचमांशाने बारीक झाला होता. माजात नर खाणं सोडतात, वाळतात, हेही खरं. फोटोवरून निदान होत नाही. तिने तो पुन्हा पुन्हा उघडून पाहिला.

नॉर्वल स्वयंपाकघरात टेबलावर फडकं पसरून रायफलला तेल लावत बसले होते. नाकात प्राणवायूची नळी. हृदय पाव हिश्श्यानेच चालतंय असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तेव्हापासून घरात पुढच्या वर्षाचा विषय निघत नव्हता.

"बाबा, कानफाट्या आजारी दिसतोय मला."

"मीही आजारीच आहे," ते म्हणाले. "दोघांचं जमेल."

"थट्टा नको ना. दुसरा एखादा घ्या. लहान घ्या. मी कुणाला सांगणार नाही."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "तू थांबा म्हणालीस, थांबलो. पहिल्या वर्षी तो इतका जवळ आला होता की पापणी लवलेली दिसली. बोट घोड्यावर होतं. नाही मारला. तीन वर्षं नाही मारला. आणि आता म्हणतेस, तो नको?"

तेवढ्यात लव्हर्न दार न वाजवता आत आला. हातात कागदात गुंडाळलेले सॉसेज होते. धनुष्यबाणाच्या मोसमात पाडलेल्या दीड वर्षाच्या नराचे.

"तपासून आणलंय, मास्तरीणबाई. शुद्ध निघालं. घ्या, म्हाताऱ्याला चारा."

"लोणच्याच्या बरणीएवढा जीव मारलास तू," नॉर्वल म्हणाले.

"बरणीएवढा म्हण, पण पोटात गेला. तुझा राजा अजून रानात हिंडतोय."

"शनिवारी बघ."

"कुठल्या शनिवारी? गेली तीन वर्षं हेच ऐकतोय." लव्हर्न हसला. मग नळीकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो कॉफी मागायच्या निमित्ताने मागे वळला.

आपणच आधी कानफाट्याला पाडावा, असं मारितच्या मनात येऊन गेलं. एकदा नव्हे. तिच्याकडे परवाना होता, बाणांचे दिवस होते, उताराची वाट माहीत होती. पण घरी येऊन ते सांगायचं कसं, हे काही तिला सुचलं नाही.

बंदुकीच्या मोसमाच्या पहिल्या शनिवारी उजाडायच्या आधी तिने वडिलांना ट्रॅक्टरच्या मागच्या गाडीतून ओढ्यापाशी नेलं. मचाणावर चढणं आता शक्यच नव्हतं, म्हणून जमिनीवर फळ्यांचं खोपटं बांधलं होतं. दोघांच्या अंगात भडक नारिंगी जाकिटं. प्राणवायूची टाकी खुर्चीच्या पायाशी. तिची स्वतःची बंदूक तिने घरीच ठेवली होती.

उजेड फुटला तसा अल्डरच्या झुडपांतून एक नर बाहेर आला. दीड वर्षाचा, दोन टोकांचा, गुबगुबीत. साठेक यार्डांवर येऊन तो आडवा उभा राहिला आणि इकडेतिकडे बघत शेपटी हलवायला लागला. अंगावरची फर चकाकत होती.

"बाबा," ती कुजबुजली, "घ्या. हाच घ्या."

"लहान आहे."

"असू दे. तुमच्या परवान्यात एकच नर आहे. हा घ्या आणि घरी जाऊ."

"दीड वर्षाचा आहे ग." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "शिकवलेलं मला सगळं आठवतंय. पाठ सरळ, पाय लांब, मान हडकुळी. म्हणजे लहान."

"मी चुकले होते. ऐकताय ना? माझं गणित चुकलं होतं."

"चुकलं असेल. पण माझी तीन वर्षं त्यात गेलीत."

लहान नर थोडा वेळ थांबला, ओढा उडी मारून ओलांडला आणि लव्हर्नच्या बाजूची चढण चढून गेला. थोड्या वेळाने टेकडीपलीकडून एक बार ऐकू आला. नॉर्वल म्हणाले, "घेतला त्याने," आणि खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं.

कानफाट्या आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. तो झुडपांतून आला नाही, उघड्यावरून आला, वाटेवरून, गायीसारखा. टाकीची झडप फिसफिसत होती ती त्याने नक्की ऐकली असणार. तरी तो चालत राहिला, आणि खोपट्यासमोर येऊन थांबला. इतक्या जवळून मारितला त्याच्या बरगड्या मोजता आल्या. वडिलांना बंदूक उचलून धरवेना. तिने बंदुकीच्या नळीखाली आपली मूठ टेकू म्हणून दिली. का दिली ते नंतर कितीही विचार करून तिला सांगता येईना.

एका गोळीत तो बसला आणि मग कलंडला.

"बघितलंस?" नॉर्वल म्हणाले. "बघितलंस, मारित?" ते रडत होते आणि श्वास पुरत नव्हता, म्हणून तिला आधी टाकीची चकती फिरवावी लागली.

गोठ्यात आतडी काढून काट्याला लटकवल्यावर वजन भरलं एकशे एकतीस पौंड. त्या वयाच्या नराचं एकशे ऐंशी तरी भरतं. "काटा गंजलाय," नॉर्वल म्हणाले. लव्हर्न बघायला आला होता. त्याने शिंगांवरून हात फिरवला, फाटका कान दोन बोटांत धरून पाहिला. त्याला बोलायला पुष्कळ होतं, पण तो एवढंच म्हणाला, "झकास आहे, नॉर्वल. खरंच झकास." जाताना मारितला बाजूला घेऊन त्याने विचारलं, "डोकं तपासणीला पाठवणार आहेस ना?"

"आजच."

पेट्रोल पंपामागे त्यासाठीची हिरवी पेटी होती. मारितने मानेसकट डोकं पिशवीत बांधून, चिठ्ठी लावून पेटीत सोडलं. नॉर्वलच्या सांगण्यावरून शिंगं आधीच कवटीच्या वरच्या हाडासकट कापून काढली होती.

ती परतली तेव्हा चुलीवर तव्यात कांदा पडला होता. क्वाम्मेंच्या घरात हरणाचं काळीज त्याच संध्याकाळी लोण्यात परततात, आणि पहिला घास मारणाऱ्याचा. हे मारितच्या पणजोबांपासून चालत आलेलं. काळीज लाकडी फळीवर होतं. धडधाकट जनावराच्या काळजाच्या माथ्यावर पांढऱ्या घट्ट चरबीची टोपी असते. इथे त्या जागी पातळ, पिवळसर, चिकासारखं काहीतरी लोंबत होतं. शेवटची चरबीही शरीराने खाऊन टाकली की असं होतं. मारितने ते पाहिलं. नॉर्वल सुरीने ते शांतपणे खरवडून बाजूला काढत होते, म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं.

"निकाल यायला दोन आठवडे लागतात," ती म्हणाली. "आपण फ्रीजरमध्ये ठेवू."

"फ्रीजरमधलं काळीज कुणी खात नाही."

"माणसाला झाल्याचं अजून दिसलेलं नाही, बाबा, पण खाऊ नका म्हणतात. शिजवून तो रोग मरत नाही."

"मला कशाने काय होणार ग आता," नॉर्वल म्हणाले, रागावून नव्हे. त्यांनी काप तव्यात सोडले. "तू खाऊ नकोस हवं तर. तिथे लव्हर्नचे सॉसेज आहेत."

त्यांनी दोन ताटल्या घेतल्या, एकीत थोडं जास्त वाढलं, दुसरीत थोडं कमी, आणि दोन्ही टेबलावर ठेवल्या. आपल्या ताटलीतला एक तुकडा काट्याला लावून ते थांबले. ती बसल्याशिवाय ते खाणार नव्हते. मग मारित खुर्ची ओढून बसली आणि तिने काटा हातात घेतला.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," घास चावत ती म्हणाली.

निकाल बारा दिवसांनी आला. तो फोनवर उघडून तिने शाळेच्या आवारातच वाचला. लिंग: नर. दातांवरून वय: साडेचार वर्षे. नमुना: घशामागच्या गाठी. झिजरोग: आढळला.