खिशातला उजेड

“तुमचा फोन वाजतो तरी कसा, मला आठवतच नाही,” बायको म्हणाली.

सकाळचे साडेनऊ झाले होते. दोघांपुढचा चहा कधीच गार झाला होता आणि टेबलावर मधोमध तो फोन पडला होता.

“मला तरी कुठं आठवतंय,” हळूराव म्हणाले.

हळूराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करण्याचं काम ते सव्वीस वर्षं करत होते. त्या कामाला शांतता लागते, आणि त्या शांततेपायी दवाखान्यातल्या प्रत्येक माणसाला त्यांनी कधी ना कधी ‘जरा हळू’ म्हणून दटावलं होतं. खुद्द डॉक्टरीणबाईंनासुद्धा. मग असं नाव पडायला कितीसा वेळ लागतो? त्यांचा फोन हातात आल्या दिवसापासून सायलेंटवर होता. थरथरणंही बंद, कारण त्या खोलीत थरथर म्हणजेही आवाजच. बायको म्हणायची, तुम्हाला फोन करण्यापेक्षा पत्र टाकलेलं लवकर पोचेल.

आज मात्र थट्टेचा दिवस नव्हता. चार वर्षं तिचं नाव किडनीच्या यादीत होतं. चार वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मोजून मापून पाणी, आणि डाव्या हातावर सुयांनी केलेली चाळण. आज नऊ वाजता मोठ्या हॉस्पिटलातून यादी सांभाळणाऱ्या बाईंनी तिला फोन केला होता. जुळणारी किडनी मिळेलसं वाटतंय, पक्कं दुपारी कळवतो. डायलिसिस चुकवू नका, तो करूनच घ्या. आणि फोन जवळ ठेवा. “अर्धा तास आम्ही वाट बघतो. नाही उचललात तर पुढच्या नंबराला विचारावं लागतं. आमचाही नाइलाज असतो.”

डायलिसिसची वेळ होती बारा ते चार. तिथं पेशंटचे फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवून घेत आणि नातेवाइकांना आत थांबू देत नसत. घरात तिसरं माणूस नाही. म्हणून तिने बाईंना हळूरावांचा नंबर देऊन ठेवला होता. दुपारचा फोन उचलायचा तो त्यांनीच.

“द्या इकडे,” म्हणत तिने फोन ओढून घेतला. कडेची बारीक कळ नखाने खाली सरकवली. “हं. झाला सुरू. आता हिला हात लावाल तर बघा.”

“मी कशाला हात लावतोय?”

“वाजवून बघू का एकदा?”

“नको, नको. तेवढ्यात त्यांचा आला तर? लाईन बिझी लागायची.”

तेही खरंच होतं. तिने हात मागे घेतला.

बारा वाजता तिला सेंटरवर पोचवून, तिच्या लॉकरची किल्ली पँटच्या खिशात टाकून ते दोन गल्ल्या चालत दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

“आज तरी सुट्टी घ्यायची होतीत.”

“आणि घरी बसून काय करू? भिंती मोजू? फोन आला की उठलोच समजा.”

“मग तो काउंटरवर तरी देऊन ठेवा. ती मुलगी लक्ष ठेवेल.”

“नको बाई. हा फोन मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही.”

त्यांनी फोन पांढऱ्या कोटाच्या छातीवरच्या खिशात ठेवला. धुऊन धुऊन तो कोट इतका विरला होता, की खिशातली पेनंसुद्धा बाहेरून ओळखू यायची.

दोनला एक आजोबा आले. उभा जन्म बॉयलरच्या शेजारी गेलेला. लेक हाताला धरून आणून बाहेर बाकावर बसली. हळूरावांनी त्यांना आतल्या बंद काचेच्या खोलीत बसवलं आणि नेहमीचे शब्द मोठ्याने सांगितले. “आवाज आला की हे बटण दाबायचं. कितीही बारीक असू दे. बोलायचं नाही, हलायचं नाही.”

आजोबांनी कामावर हुकूम घ्यावा तशी मान हलवली. हळूरावांनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, जाड दार ओढून घेतलं, काचेच्या अलीकडे येऊन दिवा मंद केला, कोट सारखा केला आणि यंत्रापुढे बसले. सव्वीस वर्षांत हात आपापली कामं शिकले होते, सांगावं लागत नसे.

मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. काउंटरवर कुणाचा तरी फोन वाजला आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. आपला नव्हता. आपला वाजतो कसा हेच माहीत नाही, तर ओळखणार कसा? प्रत्येक खुट्ट आवाजाला ते कान टवकारत होते.

आजोबांचे कान अगदीच गेले होते. आवाज वाढवत वाढवत न्यावा तेव्हा कुठे ते बटण दाबत आणि यंत्रावरचा लाल दिवा पेटे. आणि मग भलतंच सुरू झालं. हळूरावांनी काहीच वाजवलेलं नसताना दिवा पेटला. पेटला तो पेटतच राहिला, एकदा, दोनदा, तीनदा.

हळूरावांनी माइक पुढे ओढला. “आजोबा, आवाज नसताना दाबू नका. सगळं चुकतं मग.”

काचेपलीकडे आजोबांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. भुवया वर गेल्या, तोंड उघडल्यासारखं झालं आणि पुन्हा मिटलं.

आता उजवा कान पुन्हा पहिल्यापासून. हळूराव मनातल्या मनात चरफडले. पाचेक मिनिटं बरी गेली. मग पुन्हा तेच. शांतता, आणि लाल दिव्याची उघडझाप.

“अहो, थट्टा वाटली का तुम्हाला?” माइकवर त्यांचा आवाज चढला. हळूराव पेशंटवर खेकसले, हे दवाखान्यात कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. “मी वाजवलं तरच दाबा.”

आजोबांनी बटण धरलेला हात मांडीवर ठेवला. त्यानंतर दोनदा तो हात उचलल्यासारखा झाला, पण बटण काही दाबलं गेलं नाही.

तपासणी एकदाची संपली तेव्हा तीनला दोन मिनिटं कमी होती. हळूरावांनी दार उघडून आजोबांचे हेडफोन काढले. आजोबा अपराध्यासारखे उभे राहिले.

“साहेब, तुमच्या खिशात दिवा लागत होता.”

“काय?”

“दिवा. खिशात. लागायचा आणि विझायचा. बोलायचं नाही म्हणालात, म्हणून मी बटण दाबून सांगत होतो. तुम्ही रागावलात. मग नाही दाबलं.”

हळूरावांनी फोन बाहेर काढला. पाच मिस्ड कॉल. पहिला दोन वीसचा, शेवटचा दोन सेहेचाळीसचा. कडेची कळ वर होती. दार ओढलं, दिवा मंद केला, कोट सारखा केला, आणि त्यातच अंगठ्याने ती कापडावरूनच सरकवली होती. रोज तपासणीआधी खात्रीसाठी वर ढकलत, तशीच.

त्यांनी उभ्या उभ्याच नंबर लावला. दोनदा चुकला.

“अहो, किती वेळा केला तुम्हाला,” यादीवाल्या बाई म्हणाल्या. “तुमच्या मिसेसच्या नंबरवरही दोनदा केला. दोन पन्नासला पुढच्या नंबराला विचारलं. ते लगेच हो म्हणाले, निघालेसुद्धा.”

“मी आत्ता येतो. दहा मिनिटांत घेऊन येतो तिला.”

“आता नाही होत हो.” बाईंचा आवाज खरोखर पडलेला होता. “नाव यादीत आहेच. पुन्हा येईल वेळ.”

पुन्हा म्हणजे कधी, हे त्यांनी विचारलं नाही. आजोबा अजून तिथेच उभे होते.

“काही महत्त्वाचं होतं का?”

“नाही,” हळूराव म्हणाले. मग त्यांनाच ते सहन झालं नाही. “होतं. पण तुमचं काही चुकलं नाही, आजोबा. तुम्ही बरोबर दाबत होतात.”

चारला ते सेंटरवर गेले. नेहमीप्रमाणे आधी लॉकर उघडून तिची पिशवी काढली. वरच तिचा फोन होता, त्यावर दोन मिस्ड कॉल. ते किती तरी वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. दोन्ही फोनमधलं पुसायला अर्धं मिनिट पुरलं असतं. जुळली नाही म्हणाले, एवढं सांगितलं की संपलं. ती मान हलवेल, बरं म्हणेल, आणि आपली सुटका. मनात आलं हे, येणारच, माणूसच होते ते. पण सव्वीस वर्षं लोकांना ऐकू येतं की नाही हे खरं खरं लिहून दिलेला तो हात, त्याला पुसणं जमेना.

ती पलंगाच्या कडेला बसली होती. हातावरच्या कापसाच्या घडीवर बोट दाबून. त्यांना पाहताच तिने मान वर केली.

“आला?”

“आला होता.” ते तिच्यासमोर स्टुलावर बसले. “पाच वेळा आला. माझ्या हातून सायलेंट झाला होता. तपासणीला बसलो आणि सवयीने... मला कळलंच नाही. दुसऱ्या कुणाला तरी दिली.”

 कापसावरचं तिचं बोट दाबून पांढरं पडलं. शेजारच्या पलंगाचं यंत्र कुरकुरत होतं.

“त्यांनी लगेच उचलला असेल ना?” तिने विचारलं.

“हो.”

“बरं झालं.” मग तिने मोकळा हात पुढे केला. “द्या इकडे.”

सकाळसारखीच तिने नखाने कळ खाली सरकवली आणि फोन त्यांच्या हातात परत दिला. पिशवीतून स्वतःचा काढला, मांडीवर ठेवला आणि एका बोटाने नंबर लावला.

हळूरावांच्या हातातला फोन वाजला. विकत घेताना होती तीच धून, चांगली खणखणीत. सगळ्या पलंगांवरच्या माना वळल्या. भिंतीवर ‘फोन बंद ठेवा’ लिहिलेलं होतं. नर्स दोन पावलं पुढे आली, दोघांचे चेहरे पाहिले आणि तिथेच थांबली. हळूराव त्या वाजणाऱ्या फोनकडे नुसते बघत राहिले.

“उचला,” ती म्हणाली.

त्यांनी उचलला आणि कानाला लावला. हातभर अंतरावर बसून तिनेही आपला कानाला लावला.

“ऐकू येतंय का?”

दिवसातून पन्नास वेळा ते हेच लोकांना विचारत.  त्यांनी मान हलवली.

“तोंडाने सांगा,” ती फोनमध्ये म्हणाली. “मान हललेली फोनवर दिसत नाही.”

“येतंय,” हळूराव म्हणाले.