जानरावांचं पाहुण्यांचं तबक

जानराव बिडी ओढायचे तेव्हा नांदगाव खंडेश्वरची एसटी भरदुपारी दिवे लावून जायची. खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा. तो रिटायर झाला, त्याचा खोकला अजून नोकरीत आहे.

पण त्यांच्या सुनेनं, डॉक्टर गीतांजलीनं, गावाकडून ठराव करून घेतला की गावात कोणी बिडी ओढायची नाही. जानरावांनीही सोडली. आता थायलंड, केनिया, ब्राझील आणि फिनलंडचे चार डॉक्टर येणार होते. धूम्रपानाविरुद्ध ते मिळून एक धोरण लिहीत होते आणि नमुना म्हणून त्यात एकच गाव घ्यायचं होतं. हे, नाहीतर पातूरकडचं.

"मामाजी, एक बिडी दिसली तरी मान पातूरले जाते," गीतांजलीनं बजावलं.

"मले शिकवून राहिली काय?"

पाहुणे ओसरीवर टेकले. जानरावांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, पाणी दिलं. आणि पाहुणा टेकला की जानरावांचा जो हात पन्नास वर्षं कोनाड्याकडे जात होता, तो गेला. पितळी तबक, बिडीचं बंडल, माचीस. त्यांनी स्वतःची सोडली होती. पाहुण्यांची सोडायला कोणी सांगितलं नव्हतं.

फिनलंडच्या डॉक्टरीणबाईंनी बिचकत एक उचलली. मग बाकीच्यांनीही. जगभरच्या बिड्या विझवायला निघालेली ती चार माणसं बिडी हातात धरून, सत्यनारायणाला बसल्यासारखी बसली. गीतांजली दारातच थिजली.

गेला मान पातूरले, जानरावांच्या मनात आलं. तरी राहवेना.

"तुमी तं बिडीचे दुश्मन. मंग घेतली काहून?"

गीतांजलीनं फिनलंडच्या बाईंना विचारून सांगितलं, "त्या म्हणतात, तुमी एवढ्या मायेनं देली, नाही म्हनता नाही आलं."

जानरावांनी तबकाकडे पाहिलं. त्यांना जावई आठवला, शाळेचे नवे मास्तर आठवले. पहिली बिडी सगळ्यांनी ह्याच तबकातून उचलली होती.

"म्हंजे गावाले मीच पाजून राहिलो होतो," ते म्हणाले. चारही बिड्या परत घेऊन बंडलासकट बादलीत बुडवल्या, तबक धुतलं, त्यात फुटाणे अन् गूळ भरला. "आता घ्या. याले नाही म्हनाचं काम नाही."

केनियाचे डॉक्टर फुटाणे चावत म्हणाले, "आम्ही धोरणात दुकानं लिहिली, जाहिराती लिहिल्या. यजमानाचा हात राहिलाच होता."

पाहुण्याला बिडी द्यायची नाही, असं कलम धोरणात आलं आणि त्यासोबत गावाचं नावही. पातूरकडचे अजून फुगून आहेत. आणि फिनलंडमध्ये आता इतके फुटाणे खातात म्हणे, की तिथला बर्फ सालांनी पिवळा पडलाय.