पोटातले दहा सेकंद

मित्रांनो, या, बसा असे जवळ. लांब बसलात तरी ऐकू येईल म्हणा, माझा धंदाच तो. एक गोष्ट सांगतो. समुद्रातली आहे, देवमाशाची आहे. त्याला मारायला निघालेल्यांची आहे आणि त्याला वाचवायला निघालेल्यांचीही. आणि एका चुकून दाबलेल्या बटणाची आहे. खोटी वाटली तर खुशाल उठून जा, मी काही हाताला धरून बसवणार नाही. मला हातच नाहीत. एक मूठ आहे, तीही दुसऱ्यानं धरायची.

मी भोंगा. तोंड पांढरं, पाठ लाल, कडेला चीर गेलेली, गळ्यात सुतळी. आवाज खरखरीत. शिक्षण म्हणाल तर शून्य. शाळेत गेलो, पण फक्त शनिवार-रविवारी, कारण मराठी मंडळाचा गणपती शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन बसायचा. लिहिणं-वाचणं राहिलं. ओरडणं तेवढं जमलं.

कुठल्या कारखान्यात झालो ते आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी परदेशात, एडिसन गावी, ओक ट्री रोडवरच्या एका देशी दुकानात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी उभा होतो. तिथून अनिलकाकांनी मला उचललं. अनिलकाका म्हणजे मंडळाचे कायमचे सूचना देणारे. निवडून कोणी दिलं नव्हतं, पण दुसरा कोणी बोलायला उभा राहिलेला मी तरी पाहिला नाही.

माझ्या पाठीवर तीन बटणं. एक बोलायचं. एक सायरनचं. आणि तिसरं रेकॉर्डिंगचं, त्यात दहा सेकंद मावतात. ते एकदा पोटात गेलं की सेल काढा, वर्षभर माळ्यावर टाका, जात नाही. बटण दाबून धरलं की पुन्हा पुन्हा तेच. पहिल्याच गणपतीला काकांनी माझ्या पोटात भरलं: "चला मंडळी, पानं वाढलीत! आधी पोरांना बसवा! कोणी उपाशी जायचं नाही हां!"

पानं कसली, कागदाच्या डिशा होत्या. पण काका म्हणायचे पानंच.

काय दिवस होते ते! "निळी टोयोटा ज्याची असेल त्यानं काढा, मागची वहिनी अडकलीये." "नाटकातल्या शिवाजीमहाराजांची मिशी सापडली आहे, महाराजांनी स्टेजमागे यावं." लोक हसायचे, मला बरं वाटायचं. काकांची बायको, सरलाकाकू, म्हणायची, "अहो, घरी तरी हळू बोला, मी काही पार्किंग लॉटमधे उभी नाही."

मग काकांनी नोकरी बदलली आणि बिऱ्हाड निघालं सिअ‍ॅटलला. तिथल्या मंडळाकडे चांगला मोठा स्पीकर, बिनवायरचा माइक. मला कोण विचारतो? गेलो गॅरेजमधे, बर्फात गाडीच्या चाकांना बांधायच्या साखळ्यांच्या खाली. सेल माझ्या आतच राहिले. ते सडले, पाझरले, तिसऱ्या बटणाची स्प्रिंग गंजली. सहा वर्षं मी तोंड मिटून पडलो होतो. भोंग्याला तोंड मिटता येत नाही, तरी पडलो होतो.

मग आली देवयानी.

देवयानी सरलाकाकूच्या बहिणीची पोरगी. सांगलीहून शिकायला आलेली, आणि शिकायला काय, तर देवमासे! त्या किनाऱ्याला करडे देवमासे येतात; बहुतेक पुढे उत्तरेला निघून जातात, मोजके तेवढे उन्हाळाभर तिथेच राहतात. ही बोटीतून त्यांचे फोटो काढायची आणि पाठीवरचे डाग बघून कोण कुठला ते ओळखायची. साठ-सत्तर जण तिला तोंडपाठ होते. त्यात एक मादी होती, डोळ्याच्या वर गोल पांढरा ठिपका. देवयानीनं तिचं नाव ठेवलं होतं टिकली. तीन वर्षं ओळीनं टिकली मे महिन्यात तिच्या बोटीजवळ आली होती.

त्या दिवशी देवयानी गॅरेजमधे आली ती डोळे सुजवूनच.

"काका, तुमचा भोंगा द्या."

"कशाला? कुठे गणपती बसवतेस?"

"खाडीतल्या गावाला शिकारीचं परमिट मिळालंय. एक देवमासा. पुढच्या आठवड्यात होडी निघणार. आणि टिकली तिथेच फिरतेय, काका. गावासमोरच."

हे गाव म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या मूळच्या लोकांचं. इंग्रजी बोलणारा एकही माणूस तिथे पोचला नव्हता, तेव्हापासून ते होडीतून देवमासा मारत आलेले. मधे बाहेरच्यांच्या मोठमोठ्या जहाजांनी समुद्र रिकामा केला, तेव्हा ह्यांनी आपणहून शिकार थांबवली, ती जवळजवळ शंभर वर्षं. आता मासे वाढले, म्हणून पुन्हा एक मागत होते. आणि ते नको म्हणून शहरातून लोक रबरी बोटी घेऊन आडवे जाणार होते. त्यांचा पुढारी शंतनू, पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. मनानं चांगला, डोक्यानं गरम.

काका म्हणाले, "गस्तीची बोट असेल. होडीजवळ गेलीस तर पकडतील. तू व्हिसावर आहेस, बाळा. शिक्षण जाईल, परत पाठवतील."

"लांबूनच ओरडणार."

सरलाकाकू मागून म्हणाली, "लांबूनच म्हणणारी माणसं कशी जवळ जातात ते मी लग्नात पाहिलंय." पण सेल तिनंच आणून दिले. आतला गंज सुरीनं खरवडला, आणि मी सहा वर्षांनी खाकरलो.

मित्रांनो, तो समुद्र म्हणजे आपलं अलिबाग नव्हे. मे महिना, सकाळचे नऊ, तरी वारा असा की हाडं वाजावीत. पाण्यात पडलं तर माणूस बघता बघता गारठून संपतो. देवयानी आमच्या बोटीचं मशीन चालवत होती आणि शंतनूच्या हातात मी.

धुक्यातून त्यांची होडी आली. एका झाडातून कोरलेली, लांब, काळी. आठ माणसं वल्हवणारी. पुढच्या टोकाला एक जण दोरी बांधलेला भाला घेऊन. मागे सुकाणूवर पांढऱ्या वेणीचा म्हातारा, वॉल्टर. ते गुणगुणत होते काहीतरी, एका तालात.

शंतनूनं बटण दाबलं. "खुनी! लाज वाटत नाही का तुम्हाला? जा परत!"

गाववाल्यांशी सगळं बोलणं-ओरडणं इंग्रजीतच झालं, मी आपल्या भाषेत सांगतोय. तर मी ओरडलो. काय करणार, भोंगाच मी! तोंडात जे घालाल ते दसपट करून टाकतो. पण खरं सांगतो, इतकी वर्षं मी मिशा आणि मोटारी शोधल्या, माणसाला खुनी कधी म्हटलं नव्हतं. होडीतल्या एकाची मान खाली गेली. दुसऱ्यानं वल्हं उगारून उलट शिवी घातली. गाणं थांबलं.

"शंतनू, शिव्या नको रे," देवयानी म्हणाली.

"मग काय आरती म्हणू? यार, ते मारायला निघालेत!"

आणि तेवढ्यात पाणी फुगलं. फूस्स! वाफेचा फवारा उडाला, पाठ वर आली, मग डोकं, आणि डोळ्याच्या वर गोल पांढरा ठिपका.

"टिकली," देवयानी म्हणाली. इतक्या हळू, की मलाच ऐकू आलं.

ती होडीच्या अगदी समोर होती, वीस-पंचवीस हातांवर. भालेवाला उभा राहिला. शंतनूनं मला खाली टाकलं आणि ओरडला, "घाल! बोट मधे घाल, देवयानी! आत्ता!"

आता बघा कसा पेच होता. बोट मधे घातली तर टिकली वाचेल. पण होडी आमच्यावर आदळली असती, दहाही माणसं बर्फासारख्या पाण्यात. नाहीतर भालाच कोणाला लागला असता. शिवाय गस्तवाले बघतच होते, म्हणजे बेड्या ठरलेल्या. आणि नाही घातली, तर भाला टिकलीत. तिचा हात मशीनवर, डोळे भाल्यावर. मी तिच्या पायाशी पडल्या पडल्या बघत होतो.

तिनं मशीन बंद केलं. आणि मला उचललं.

तिला म्हणायचं होतं, "थांबा, ही नको!" पण बोटं बधिर, वर जाड हातमोजे. अंगठा पडला तिसऱ्या बटणावर.

"चला मंडळी, पानं वाढलीत! आधी पोरांना बसवा! कोणी उपाशी जायचं नाही हां!"

अनिलकाका! समुद्रभर! देवयानीनं घाईघाईनं बटण सोडलं, पण गंजलेली स्प्रिंग अडकली. "चला मंडळी, पानं वाढलीत!" परत. परत. भालेवाल्याचा हात हवेत तसाच. वल्हवणारे एकमेकांकडे बघायला लागले. गस्तीच्या बोटीवरचा एक माणूस तर टोपी काढून डोकं खाजवत होता. टिकलीनं शेपूट वर केली, पाण्यावर एक थाप दिली आणि गेली खाली. कदाचित तिलाही काकांचा आवाज सहन झाला नसेल.

शंतनूनं माझे सेल उपसून काढले, तेव्हा कुठे मी गप्प झालो.

वॉल्टरनं होडी जवळ आणली. "मुली, काय म्हणतोय तो माणूस?"

देवयानी रडत होती की हसत होती, तिचं तिला माहीत. म्हणाली, "तो म्हणतोय, जेवायला चला. आधी मुलांना बसवा. कोणी उपाशी जायचं नाही."

म्हाताऱ्यानं आमच्या बोटीत डोकावून बघितलं. मग म्हणाला, "स्वयंपाक कोणी केलाय?"

होडीत कोणीतरी फिस्सकन हसलं. भालेवाला मात्र चिडलेला. "वर्षभर तयारी केली आम्ही! हिच्या त्या डब्यानं दिवस घालवला!" आणि त्याचं चूक नव्हतं, मित्रांनो.

देवयानी म्हणाली, "सॉरी. पण ती इथेच राहणाऱ्यांपैकी आहे. माझ्याकडे तिचे फोटो आहेत."

"फोटो घेऊन ये," वॉल्टर म्हणाला. "बहिणीनं सूप केलंय. तो तापट पोरगाही चालेल. ओरडायचं नाही, एवढंच."

गावच्या हॉलमधे लांब टेबलं, कागदाच्या डिशा. मला एकदम आपल्या शाळेच्या हॉलची आठवण झाली. शंतनू आधी बाहेरच बसला, तत्त्व म्हणून. पंधरा मिनिटांत थंडीनं त्याचं तत्त्व आत आणलं. आल्यावर तो भालेवाल्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "खुनी म्हणालो, ते मागे घेतो. बाकीचं नाही घेत." भालेवाल्यानं त्याच्याकडे बघितलं आणि ब्रेडची टोपली पुढे सरकवली.

वॉल्टरनं फोटोंची फाइल पान पान करून बघितली. टिकलीच्या पानावर थांबला.

"आम्हाला येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी एक हवा," तो म्हणाला. "इथे राहणारा आम्हालाही नको. पण होडीतून सगळ्या पाठी सारख्याच दिसतात. एवढं तुला माहीत होतं, तर सांगायला का नाही आलीस? भोंगा घेऊनच का आलीस?"

देवयानीनं चमचा खाली ठेवला. म्हणाली, "तुम्ही एकही मारू नये असंच मला वाटतं. आत्तासुद्धा."

"माहीत आहे. आणि मला वाटतं, आमच्या पोरांनी ती होडी चालवायला शिकलं पाहिजे." त्यानं तिच्या वाटीत अजून सूप ओतलं. "खा. भांडायला पुढचं वर्ष आहे."

ती फाइल देवयानीनं तिथेच ठेवली. आता ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीतच असते. भालेवाल्याला टिकलीचं पान पाठ आहे.

नंतर सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पुढच्या वसंतात त्यांनी एक देवमासा मारला, येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी. अख्खं गाव जेवलं. देवयानी किनाऱ्यावर उभी राहून रडली, आणि वॉल्टरची बहीण तिच्याशेजारी उभी राहिली. शंतनू अजून विरोधच करतो, पण बोर्ड घेऊन, धक्क्यावरून. दुपारी सूप प्यायला जातो.

आणि मे महिन्यात टिकली आली. शेजारी एक छोटं, गुळगुळीत डोकं. देवयानीनं काकांना फोन केला तो किंचाळतच. सरलाकाकू म्हणाली, "बाळंतविडा कुठे पाठवायचा ते विचार."

मी आता गावच्या हॉलमधे एका खिळ्यावर असतो. देवयानीनं मला तिथेच देऊन टाकलं. वॉल्टरच्या बहिणीनं माझी स्प्रिंग बदलून घेतली, काम झालं की सेल काढून ठेवते, चिरेवर टेप लावते. जेवण तयार झालं की माझं तिसरं बटण दाबते. तिथली चिमुरडी माझ्याबरोबर ओरडतात, "चला मंडळी, पानं वाढलीत!" उच्चार जरा पातळ आहेत. गेल्या वर्षी अनिलकाका आले होते. ते ऐकून खाली बसले आणि चक्क पहिल्यांदा त्यांना सूचना द्यायला काही सुचलं नाही.

तर मित्रांनो, एक मागणं आहे. माझ्यासारखं कोणी तुमच्या गॅरेजमधे पडलेलं असेल तर आज जाऊन त्याचे सेल काढा. आणि उद्या मी तुमच्या हातात आलोच, तर खुशाल भांडा माझ्या तोंडून. जे वाचवायचं त्याच्यासाठी भांडायलाच लागतं, मी नाही म्हणणार नाही. फक्त माझ्या पोटातले ते दहा सेकंद पुसू नका.