झिपऱ्याची परीक्षा

शेजारच्या एलियाहकाकांचं इस्रायलला मुलीकडे कायमचं जायचं ठरलं, तेव्हा निडी गावात त्यांना एकच घोर उरला होता, झिपऱ्याचा. कुत्रा म्हातारा, काकाही म्हातारे. "गो विमल, तू ठेवशील?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी नाय म्हटलं. मग आम्ही त्याला घेऊन रिक्षाने पेणच्या प्राण्यांच्या आसऱ्यात आलो.

वाटेत काका नुसते बाहेर बघत होते. एरवी हा माणूस गप्प बसणारा नव्हे. वाल निघाले की आमच्या खळ्यात त्यांचं कीर्तन व्हायचं. फ्लोराकाकी पेटीवर, काका उभे. त्यांच्या यहुदी पोथीतल्या योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं ती कथा, पण चाली आपल्याच. देवळातलं कीर्तन मी कधी चुकवलं नाय, तरी त्या योसेफासाठी रडले तेवढी कुणासाठी रडले नाय. आता काकी नाहीत, ती पेटीही नाय.

आसऱ्यातली डॉक्टर मनस्वी म्हणाली, "आधी स्वभाव तपासतो. चावरा निघाला तर अनोळखी घरी देत नाही, इथेच राहतो."

"आणि ती कायमचं झोपवायची सुई?" काकांनी हळूच विचारलं.

"ती बरं न होणाऱ्या दुखण्याला, काका. स्वभावाला नाही."

तिने झिपऱ्यापुढे भात ठेवला आणि काठीला लावलेला रबरी हात थाळीत घातला. झिपऱ्याने गुरगुरून तो कचकन धरला.

"अहो, त्याच्या थाळीला कधी कुणी हात लावला नाय!" काका कळवळले. "आमच्यात जनावर आधी जेवतं. त्याचं होईस्तोवर फ्लोरा मला वाढायची नाय."

"खरं असेल. पण पोरंबाळं असलेल्या घरात नाही देता येणार. आणि म्हातारा कुत्रा सहसा कुणी मागत नाही. ओळखीत कुणी एकटं राहणारं आहे का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाय. घरात मी एकटीच. पण झिपऱ्याची सोय झाली नाय तर काका जाणार नाहीत, असं मी मनाशी धरलं होतं. देवाजवळ मागितलंही होतं.

आतल्या पिंजऱ्यात एक पांढऱ्या तोंडाचा कुत्रा भिंतीकडे बघत बसला होता.

"मी नेते त्याला," मी म्हटलं.

"मग आधी का नाय बोललीस गो?"

"तुम्ही जाल म्हणून."

काका खाली बसले. झिपऱ्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"मीपण त्याच आशेवर होतो, याची सोय होणार नाय म्हणून," ते म्हणाले. "आता जायलाच लागणार."