बिनघंटीची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्या पोटात बरीच गाणी आहेत, पण लोक मला घ्यायचे ते एकाच गाण्यासाठी. 'सायकलवाली' हे ते गाणं, आणि गाणारी इंद्रायणी. तेव्हा ती अगदी कोवळ्या वयाची होती. पुढे ती मोठी झाली, अवघड अवघड गाणी गायली. पण या पहिल्या गाण्याची गंमत काही और आहे. ती शब्द ओढत नाही, सजवत नाही. शेजारच्या अंगणातून हाक मारावी तशी गाते. धृपदाआधी ती एक छोटा श्वास घेते, तो ऐकू येतो. तो ऐकला की माणसाचा पाय आपोआप हलायला लागतो.

धृपद असं आहे:

आली आली सायकल माझी,
टिंग टिंग करीत घंटी,
सरळ तुझ्या दारी.

चिखलीच्या भिमाजींनी मला पिंपरीच्या बाजारातून आणलं. ते कंपनीत प्रेस मशीनवर होते. त्यांच्या पत्नी सोजराबाई घरच्या म्हशी सांभाळायच्या. टेपरेकॉर्डर गोठ्यातच असायचा. सोजराबाई या गाण्याच्या ठेक्यावर धारा काढायच्या. गाणं लागलं नाही तर थोरली म्हैस पान्हा चोरायची.

एकदा गोठ्यातल्या धुळीमुळे माझी फीत टेपमध्ये गुंतली आणि चुरगळली. भिमाजींनी तेवढा तुकडा कापून टाकला. घरात चिकटपट्टी नव्हती. सोजराबाईंच्या टिकल्या आरशाच्या कडेला चिकटवलेल्या असायच्या. त्यातली एक पातळ टिकली काढून त्यांनी मला जोडलं.

गाणं लागलं. सोजराबाईंचा हात थांबला.

"अवो, घंटी कुठं गेली?"

"चुरगळली व्हती. कापली."

"आन् माझी टिकली?"

"तिनंच तर जोडलंय."

"बरं हाय. सायकलची घंटी उपटली, बायकोची टिकली चोरली. उद्या म्हशीची शिंगं न्याल."

त्या दिवसापासून त्या घरात गाणं तसंच झालं. 'आली आली सायकल माझी, सरळ तुझ्या दारी.' सोजराबाई तसंच गायच्या. त्यांची लेक मोनिका तसंच ऐकत वाढली.

पुढे गोठ्याच्या जागी इमारत आली, म्हशी गेल्या. मी आणि टेपरेकॉर्डर घरातल्या फळीवर आलो. गेल्या वर्षी सोजराबाई वारल्या. भिमाजींनी मला पुन्हा लावलं नाही. ते फळीपाशी यायचे, उभे राहायचे आणि परत जायचे.

मग मोनिका त्यांना पिंपळे सौदागरला आपल्या घरी न्यायला आली. सामान आवरताना मी तिच्या हाताला लागले. भंगाराचं पोतं शेजारीच होतं.

"अण्णा, ही टाकू? गाणं मोबाइलवर मिळतं की. एकदम स्वच्छ."

"लाव बरं," भिमाजी म्हणाले.

मोबाइलवर गाणं लागलं. खरंच स्वच्छ होतं. भिमाजी मन लावून ऐकत राहिले. "काय गाती पोरगी," ते म्हणाले. मग तो श्वास आला, आणि बापलेक दोघंही गायला लागले. 'आली आली सायकल माझी, सरळ तुझ्या दारी.'

दोघं दारात पोहोचले, आणि इंद्रायणी अजून घंटीच वाजवत होती.

मोनिकाने मोबाइल बंद केला. "अण्णा, आपण चुकलो का?"

"तुझी आई तसंच म्हणायची."

"हो."

"मंग तसंच हाय ते."

मोनिकाने पोतं बाजूला सारलं. भिमाजींनी पेन्सिलीने मला हळूहळू फिरवलं. जोडाची जागा वर आली. टिकलीचा डिंक वाळला होता आणि तिची एक कड सुटली होती. लावलं असतं तर फीत तुटली असती. भिमाजी मला तसंच हातात धरून बसले. डोळे पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

मोनिकाने स्वतःच्या कपाळावरची टिकली काढली. "ही घे. पण आईची काढू नकोस. तिच्यावरच चिकटव."

त्यांनी ती लावली आणि अंगठ्याने बराच वेळ दाबून धरली.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती घरातल्या कुणाला तरी एकदा दाखवा. चांगलं गाणं तुम्हाला कुठेही मिळेल. तुमच्या घरात ते कसं म्हणत होते, हे मात्र माझ्यासारखीलाच माहीत असतं.

आता मी मोनिकाच्या स्वयंपाकघरात असते. सकाळी चहा उकळताना भिमाजी मला लावतात. सायकल येते. घंटी वाजत नाही, पण दारात कोण आलंय ते दोघांनाही कळतं.